डबा यायचा

थंडी पडली की आमच्या भागात दोन गोष्टी हटकून दिसायला लागतात. चाकणच्या बाजाराकडे निघालेले कांद्याचे ट्रॅक्टर, आणि चौकाचौकांत मोफत मोतीबिंदू शिबिरांचे फ्लेक्स. फ्लेक्सवर वरच्या बाजूला पुढाऱ्यांचे हसरे चेहरे असतात आणि खाली गडद हिरवे चष्मे लावून ओळीनं बसलेली म्हातारी माणसं. डोळ्याचं ऑपरेशन थंडीत करावं, उन्हाळ्यात जखम चिघळते, हे इथल्या घराघरांत पाठ आहे. आता तसं काही राहिलेलं नाही, बारा महिने करता येतं, हे सांगून डॉक्टर दमले. माणसं मार्गशीर्षाची वाट बघतातच. आमची आईही अशीच थांबली होती.

या वर्षीचा पहिला फ्लेक्स मला नाशिक फाट्याच्या अलीकडे दिसला. मी कंपनीच्या बसमध्ये होते. मांडीवर एक प्रवासवर्णन उघडं होतं. लेखक कुठल्याशा बर्फाळ डोंगरात तंबूत झोपले होते आणि पुढचं वाक्य होतं, ‘पहाटे चहा आला.’ मी पुस्तक मिटलं. चाकण येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. त्या एका हिवाळ्यापासून अशी वाक्यं मला सरळ ओलांडता येत नाहीत.

मी वाचते ती पुस्तकं दोनच प्रकारची. माणसांनी स्वतःबद्दल लिहिलेली आणि माणसांनी केलेल्या प्रवासांची. कादंबरीत लेखक अडचणीत सापडला की एखादं पात्र गाडीखाली घालून मोकळा होतो. आत्मकथनात तशी सोय नसते. घडलं ते घडलं, त्याच्याबरोबर राहावं लागतं. मी एका सुट्या भागांच्या कंपनीत स्टोअर्स सांभाळते, त्यामुळे माझं वाचणंही थोडं स्टोअर्ससारखंच असतं. प्रवासवर्णन वाचताना मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं टिपत जाते: बरोबर काय नेलं, काय उगाच नेलं, आजारी पडल्यावर कोणी बघितलं, कपडे कुठे वाळवले. आत्मकथन असेल तर आधी घर शोधते. खोल्या किती, पाणी कुठून, झोपायचे कसे. माणसाचे विचार नंतर कळले तरी चालतात. बसमधल्या मैत्रिणी मला हसतात. “अगं, तू पुस्तक वाचतेस की माल उतरवून घेतेस?” मी म्हणते, दोन्ही एकच.

त्या हिवाळ्यात आईचं ऑपरेशन आधी उजव्या डोळ्याचं झालं. डावा महिन्यानं करायचा होता. वाकायचं नाही, चुलीपुढे जायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, टीव्ही नाही, वाचन नाही. तीन बाटल्यांतले थेंब, वेगवेगळ्या वेळी. मी फ्रिजवर तक्ता लावला, पण आईचा तक्ता तिच्या डोक्यात होता: लाल टोपी, पांढरी टोपी, निळी टोपी. मी कंपनीत असताना थेंब घालायला शेजारच्या शमीमभाभी यायच्या. त्यांच्या यजमानांचं काळेवाडीत गॅरेज आहे. भाभी थेंब घालायच्या आणि मग उठायच्याच नाहीत. संध्याकाळी मी सांगवीच्या थांब्यावर उतरून घरी यावं तर दोघी खिडकीशी उन्हाचा शेवटचा तुकडा धरून बसलेल्या असायच्या, मधे हरभऱ्याच्या सोलाण्यांची परात, आणि आईला हातांनी चाचपडत सोलता येतं म्हणून ती भाभींपेक्षा पुढे.

वाचन बंद म्हटल्यावर आई कासावीस झाली. शाळा तिची गावाकडे, बार्शीच्या बाजूला, दोन-तीन इयत्तांचीच झाली होती. पण अक्षर लागल्यापासून तिनं ते सोडलं नव्हतं. म्हणून मी रोज संध्याकाळी तिला मोठ्यानं वाचून दाखवायला लागले. माझ्याकडचीच पुस्तकं. आणि लगेच माझ्या लक्षात आलं की आपण माल उतरवून घेतो असं आपल्याला नुसतं वाटतं. खरी तपासणी ही आहे.

“बर्फात भांडी कशानं घासली त्यांनी?”

“तसं लिहिलेलं नाही, आई.”

“मंग एवढ्या पानांत लिवलंय काय?”

“डोंगर कसा दिसत होता ते.”

“डोंगर दिसतोच. त्याला काय हुतंय. त्यांच्या संगट बायामान्सं व्हती का?”

“बायको होती. पहिल्या पानावर आहे.”

“मंग कुठं गेली?”

भाभींना हसू आवरायचं नाही. “सुमनताई, हे घरोघरचं आहे. आमचे हाजीसाहेब बघा. पाहुणे आले की सुरू. मी हजला गेलो, मी हे पाहिलं, मी तिथे रडलो. अरे, मग मी काय बॅगेत होते? आणि पासपोर्ट, बीपीच्या गोळ्या, यांच्या चपलांची पिशवी, ते कोणी सांभाळलं? फरिश्त्यांनी?”

त्या दिवसांत एका सकाळी आप्पा आले. आप्पा म्हणजे माझे थोरले काका, वडिलांचे मोठे भाऊ. गावाकडून पिंपरीला पहिले तेच आले, कंपनीत लागले, मग त्यांनी माझ्या वडिलांना, म्हणजे दिनूला, बोलावून घेऊन दुसऱ्या एका कंपनीत चिकटवलं. आप्पांनी लग्न केलं नाही. माझ्या लहानपणी दोन खोल्यांत आम्ही सगळे एकत्र होतो. वडील जाऊन आता बरीच वर्षं झाली. आप्पा निगडीला एका चुलत पुतण्याच्या शेजारी स्वतंत्र राहत होते, आणि निवृत्तीनंतर त्यांनी आपल्या आठवणी लिहून काढल्या होत्या. त्या छापून आल्या होत्या. निळं मुखपृष्ठ, त्यावर कारखान्याची चिमणी. पहिल्या पानावर त्यांनी सही केली, पुस्तक माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, “बेबी, सुमनला वाचून दाखव.” आई आत पडद्याआड उभी होती. पन्नाशीच्या बाईला घरात अजून बेबी म्हणतात, याचं मला आता काही वाटत नाही.

आई पडद्याआड का होती, हे नव्या मुलांना सांगावं लागतं. धाकट्या भावाची बायको थोरल्या दिराशी सरळ बोलत नसे. डोक्यावर पदर, नजर खाली, आणि बोलायचं ते पोरांमार्फत. आमच्या घरात ती तार मी होते. आप्पा जेवायला बसले की आई चुलीपासून म्हणायची, “बेबे, आप्पास्नी इच्यार, आमटी वाढू का.” आप्पा दोन हातांवर. त्यांना ऐकू आलेलंच असायचं. ते मला सांगायचे, “पुरे म्हणावं.” मी दोन्हीकडे मान वळवायची. वडील गेले, घरं बदलली, आईचे केस पांढरे झाले, तरी तिनं आप्पांना उद्देशून बोललेलं एक वाक्य मी ऐकलं नव्हतं.

त्या संध्याकाळी आईनं केस विंचरून घेतले, धुतलेलं पातळ नेसली आणि खिडकीशी बसली. भाभी होत्याच. मी वाचायला सुरुवात केली. आप्पांनी लिहिलं छान होतं. गावचा ओढा, पहिला एसटीचा प्रवास, पिंपरीचं तेव्हाचं माळरान, कामगारांच्या चाळी, लेथवर पहिल्यांदा उभं राहिल्यावर पायाला आलेले गोळे. आई मधे मधे मान हलवायची. “व्हय, तसंच व्हतं.” आमच्या दोन खोल्यांचं वर्णन आलं तेव्हा ती जरा पुढे सरकली. भिंतीचा रंग बरोबर होता. मोरीची फुटकी फरशीसुद्धा बरोबर होती. मग आप्पांच्या पोटाच्या दुखण्याचं पान आलं. मी वाचलं, ‘पोटात व्रण झाल्यानं मला कॅन्टीनचं जेवण वर्ज्य होतं. डॉक्टरांनी शिळं, गार काहीही खायचं नाही असं बजावलं होतं. दुपारच्या भोंग्याला घरून गरम डबा यायचा. त्या काळात आमच्या खात्यात नवीन मशीन्स आली...’

“थांब,” आई म्हणाली. “माघारी जा. डब्याचं वाच.”

मी वाचलं.

“यायचा?”

“हो.”

“पाय व्हते का त्याला?”

भाभी हसल्या, आणि आईकडे बघून मधेच थांबल्या.

“मिटव ते,” आई म्हणाली. पुस्तक मी मिटलं. दुसऱ्या दिवशी उघडू का विचारलं तर म्हणाली, “ऱ्हाऊ दे.” तिसऱ्या दिवशी विचारलं नाही.

तो डबा मला आठवतो. आप्पांची कंपनी आमच्या चाळीपासून चांगली लांब होती, मुंबईच्या जुन्या रस्त्याला. भाकरी तव्यावरून उतरली की आई ती फडक्यात बांधायची, ॲल्युमिनियमचा डबा भरायची आणि निघायची. मला घरी ठेवायला कोणी नसेल तेव्हा मीही बरोबर. रस्त्याच्या कडेनं, ट्रकांच्या वाऱ्यानं पदर उडू नये म्हणून तो दातांत धरून ती चालायची. उन्हाळ्यात डांबर चपलेला चिकटायचं. थंडीत ती डबा पदराखाली पोटाशी धरायची, म्हणजे तो गार होत नसे आणि तिला ऊब लागायची. गेटवर वॉचमनच्या टेबलामागे एक लोखंडी मांडणी होती, तिथे सगळ्यांचे डबे. आई बाजूला उभी राहून डबा पुढे करायची, नाव सांगायची नाही. दिराचं नाव कसं घेणार? डब्यावर पत्र्यात कोरलेलं होतं. भोंगा व्हायच्या आत आम्ही माघारी फिरलेल्या असायचो. मागून वॉचमनची हाक ऐकू यायची, “कांबळे, डबा आला... जाधव, डबा आला...” आप्पांचं आडनावही त्यात यायचं. डबे येत असत. सगळ्यांचेच.

माझ्या स्टोअर्समध्ये कोणी म्हटलं की माल आला, तर मी त्याला उभं करते. आला म्हणजे काय? कोणी आणला, कोणी उतरवला, कोणी मोजला? मराठीत मात्र चहा होतो, जेवणं उरकतात, अंथरुणं पडतात, डबा येतो. हे आपल्या भाषेत इतकं सहज बसलेलं आहे की कोणी मुद्दाम काही लपवतंय असं वाटतही नाही. त्या आठवड्यात मी माझं कपाट उघडून उभी राहिले. एवढे डोंगर, एवढी शहरं, तुरुंग, बोटी, दुष्काळ, निवडणुका. आणि त्यात येणारे चहा.

आई पुस्तकाचं नाव काढायची नाही. थेंब घालून घ्यायची, सोलाणे सोलायची. एका संध्याकाळी भाभी म्हणाल्या, “ताई, एवढं मनाला लावून नका घेऊ. पुरुष लोक लिहितात असंच.”

“भाकरीचं मी म्हनत न्हाई,” आई म्हणाली. “भाकरी कोन बी थापतंय. पर मी त्या रस्त्यानं चालले. लगीन होऊन आले ती घरात, आन घरातून गेले ती त्या रस्त्यानं. आनखी कुठं गेले मी? ही वाचते त्या बाया कुठं कुठं जात्यात. माझा तेवढाच परवास.” मग थोडं थांबून, “नाव नगं मला. त्यांस्नी ठावं व्हतं का न्हाई, एवढंच कळू दे. ठावं असून लिवलं न्हाई, का ठावंच नव्हतं.”

“मग विचारा ना,” भाभी म्हणाल्या. “या वयात कसला पडदा?”

रविवारी आप्पा आले. हातात पेरूंची पिशवी. आई या वेळी पडद्याआड गेली नाही, पलंगावरच बसून राहिली. डोळा कसा आहे वगैरे झालं. मग खुर्चीत नीट बसून त्यांनी विचारलं, “वाचलंत का?” त्यांच्या चेहऱ्यावर नव्या लेखकाची आशा होती. निगडीच्या ज्येष्ठ नागरिक संघात कौतुक झालं होतं, एका जुन्या सहकाऱ्यानं फोनवर रडून दाखवलं होतं, ते सगळं त्यांनी सांगितलं. छान झालंय, आप्पा, मी म्हणाले. भाषा फार स्वच्छ आहे. आणखी काय म्हणावं या विचारात होते, तोच पलंगावरून आवाज आला.

“भावजी.”

आप्पांनी आधी माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी पोचवेन अशी वाट बघत, जुन्या सवयीनं. मी मान वळवली नाही.

“भावजी, डबा कोन आनायचं?”

“डबा?” ते गोंधळले. मग त्यांचा चेहरा खुलला. “कंपनीत? अगं, दिनूनं माणूस लावला होता ना! मी म्हटलं, दिनू, एवढ्या लांब कोण आणणार, मी आपलं दूध-पोहे खाऊन भागवतो. तर म्हणाला, दादा, तुम्ही काळजी करू नका, मी माणूस लावलाय. चांगला होता बिचारा. ऊन नाही, पाऊस नाही, कधी चुकला नाही. त्याचं नाव मी दिनूला विचारायचं राहून गेलं. पुस्तकात घालायला पाहिजे होतं, खरंय तुझं.” आणि मग जरा अभिमानानं, “एका दिवाळीला मी त्याच्यासाठी टॉवेल-टोपीसुद्धा दिली होती दिनूकडे.”

 हिरव्या गॉगलमुळे आई कुठे बघतेय ते कळत नव्हतं.

“टावेल आला व्हता घरी,” ती म्हणाली. “चौकड्याचा. टोपी ह्यांनीच घातली.”

आप्पा तिच्याकडे बघत राहिले.

“त्यो मानूस मीच, भावजी.”

खाली सोसायटीत कोणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचं गाणं वाजत होतं. 

“चालत?” आप्पांनी विचारलं.

“चालत.”

“त्या रस्त्यानं?”

“दुसरा कुठला व्हता?”

“पावसाळ्यातसुद्धा?”

“डब्याला गोनपाट गुंडाळायची. न्हाईतर आमटीत पानी जायाचं.”

आप्पांनी चष्मा काढला. त्यांचे हात मोठे, आयुष्यभर लेथवर राहिलेले. ते त्यांना कुठे ठेवावेत कळेना. “मला कळलं असतं,” ते म्हणाले, “तर मी एक घास घेतला नसता. भावाची बायको हायवेनं... मी डबा बंद केला असता.”

“म्हनून तर ह्यांनी सांगितलं न्हाई,” आई म्हणाली.

हे वाक्य बोलून झाल्यावर ती स्वतःच थबकली.   इतकी वर्षं, ते पुस्तक येईपर्यंत, ती आणि मीही समजत होतो की आप्पांना माहीत आहे आणि ते काही बोलत नाहीत. थोरले दीर बोलत नाहीतच. ज्यांनी आपल्याला मधून काढून टाकलं ते आप्पा नव्हतेच, हे तिला आत्ता कळत होतं. ज्यांनी काढलं त्यांच्याशी ती रोज बोलत होती, त्यांच्या पानात वाढत होती. त्यांनी भावाचं पोट वाचवायला तसं केलं, की बायको रस्त्यानं डबा घेऊन जाते हे सांगायची लाज वाटली म्हणून? माणूस लावायची ऐपत नव्हती, हे थोरल्या भावाला कळू नये म्हणून? तिघांतलं काहीही असेल. तिन्ही असतील. विचारायला वडील नव्हते.

“दुसरी आवृत्ती काढू,” आप्पा घाईनं म्हणाले. त्यांना काहीतरी करायचं होतं. “छापखाना ओळखीचा आहे. पान बदलून घेतो. सगळं लिहितो, सुमन. तू कशी यायचीस, दिनूनं मला काय सांगितलं होतं, नावानिशी.”

“नगा.”

“का? तुझा हक्क आहे तो.”

“मंग ह्यांचं खोटं छापलं जाईल,” आई म्हणाली. “ऱ्हाऊ दे. डबा यायचा, तेच बरं हाय.”

 आप्पा उठले, आणि जाताना, मी कधी पाहिलं नव्हतं असं, पलंगाजवळ येऊन उभे राहिले.  आईनं पदर सारखा केला. ते गेले.

मी इतकी आत्मकथनं वाचली, आणि त्यांत जे नाही ते लेखक विसरला किंवा त्यानं डोळेझाक केली, असंच धरून चालत आले. कोणीतरी आपण होऊन हात वर करून, माझं नाव नको, असं म्हटलेलं असेल, आणि ते कोणा दुसऱ्याला झाकायला, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. तेव्हापासून ‘चहा आला’ या वाक्यापाशी मी थांबते ती नुसती रागानं थांबत नाही. आणणाऱ्याला कदाचित तिथं यायचंच नव्हतं. कदाचित यायचं होतं आणि कोणी येऊ दिलं नाही. पुस्तकावरून ते कळत नाही, आणि यादीत टिपता येत नाही.

आप्पा मागच्या वर्षी वारले. हे लिहू का, असं मी परवा आईला विचारलं. आता दोन्ही डोळ्यांनी तिला स्वच्छ दिसतं; पेपर माझ्या आधी वाचते. म्हणाली, “लिव्ह. आता वाचून वाईट वाटून घ्यायला दोघं बी न्हाईत.”

त्या हिवाळ्यातल्या त्या रविवारी आप्पा निगडीला परतल्यावर मी दिवा लावला, तीन टोप्यांतली त्या वेळची बाटली काढली, थेंब घातले. सांगितलेला वेळ ती डोळे मिटून पडून राहिली. मी स्वयंपाकाकडे वळणार तोच म्हणाली, “ते पुस्तक काढ.”

“कुठून वाचू? डब्याच्या पुढून?”

“न्हाई. ह्यांच्यावर काय लिवलंय का बघ. मोठा भाऊ लिवल्याबिगर ऱ्हायचा न्हाई.”

होतं. पुस्तकाच्या शेवटाकडे वडिलांवर एक छोटं प्रकरण होतं. मी ते उजेडाकडे धरून वाचायला लागले. वडिलांचं पोहणं, त्यांचा हट्ट, गावी गेल्यावर ते आधी गोठ्यात जायचे ते. आई उताणी पडून ऐकत होती, हात पोटावर. मग हे वाक्य आलं आणि मला थांबता आलं नाही: ‘दिनू माझ्यापेक्षा लहान, पण सरळपणात मोठा. त्यानं मला आयुष्यात कधी खोटं सांगितलं नाही.’

मी वर बघितलं. आईच्या ओठाची एक कड हलली. हसू होतं की काय होतं, गॉगलच्या खालून मला सांगता येणार नाही.

“पुन्यांदा वाच,” ती म्हणाली.

मी पुन्हा वाचलं. या वेळी जरा सावकाश.